आधी ज्वलनकक्ष तपासू द्या, मग इंजिन मागा

प्रति,
ड्रोन आणि लक्ष्यविमानांसाठी (नेमबाजीच्या सरावाला सोडायच्या विनावैमानिक विमानांसाठी) लहान जेट इंजिनं बनवायला निधी देणाऱ्या योजनांचे संचालक, छाननी समित्यांचे सदस्य आणि निविदांच्या अटी लिहिणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

भोसरीच्या एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. पातळ पत्रा आणि बारीक नळ्या हे आमचं काम. त्यातला बराचसा भाग आता लहान जेट इंजिनांच्या कम्बस्टरचा, म्हणजे ज्वलनकक्षाचा असतो. इन्कोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूची लायनर (ज्योतीभोवतीचं पातळ पत्र्याचं कवच), इंधन वाटून देणारी रिंग, इंधनाची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरच्या नळ्या आम्ही बनवतो. ही कामं घेऊन येणारी मुलं पंचविशी-तिशीतली. कुणी कॉलेजातून थेट आलेलं, कुणी चांगली नोकरी सोडून. त्यांची इंजिनं चालावीत असं मला मनापासून वाटतं. माझं पोट त्यावर आहे आणि जीवही त्यात आहे. म्हणूनच आता जे चाललंय ते गप्प राहून बघवत नाही.

यंदा आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका टीमचा प्रस्ताव मंजूर झाला, पण कम्बस्टरच्या स्वतंत्र चाचणी-रिगची, म्हणजे इंजिनाबाहेर नुसता कम्बस्टर चालवून तपासायच्या मांडणीची रक्कम त्यातून कापली गेली. कारण असं दिलं की इंजिन चालेल तेव्हा कम्बस्टरचीही चाचणी होईलच. पुढचा हप्ता पूर्ण इंजिन चालवून दाखवल्यावर. योजनेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा विचार एका कार्यालयापुरता नाही. दुसऱ्या टीमच्या कागदांवर, वेगळ्या लेटरहेडखाली, मी तोच वाचला आहे. ज्यांच्या सहीने असे निर्णय होतात त्या सगळ्यांना हे पत्र आहे.

माझं म्हणणं एवढंच, की लहान जेट इंजिनात सगळ्यात अवघड भाग कम्बस्टर आणि त्याचं इंधन-फवारणीचं जुगाड हाच असतो, आणि नेमका तोच भाग न तपासता इंजिनात बसवायला आपण सांगता.

ही अडचण आजची नाही. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमध्ये रग्बी इथे फ्रँक व्हिटल यांचं पहिलं इंजिन सुरू झालं आणि इंधनाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही त्याचा वेग वाढतच गेला. आत साठून राहिलेलं इंधन जळत होतं. नीट जळणारा कम्बस्टर हाती यायला त्यांना पुढची काही वर्षं झगडावं लागलं. १९४० मध्ये शेल कंपनीतल्या आयझॅक लबक यांच्या बर्नरने वाट मोकळी झाली. तिकडे जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांनी त्याच वर्षी, १९३७ मध्ये, आपलं प्रात्यक्षिक इंजिन हायड्रोजनवर चालवलं, कारण द्रव इंधन जाळण्याचा प्रश्न आधी सोडवत बसले असते तर बाकीच्या इंजिनाची कल्पना सिद्ध व्हायलाच उशीर झाला असता. त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. ही साधी शिस्त आपल्या योजनांच्या वेळापत्रकात कुठेच दिसत नाही.

आता लहान इंजिनात हे का जास्त अवघड आहे ते सांगतो. आपल्यापैकी काहींना ते ठाऊक असेलच, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही कळायला हवं.

१०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो थ्रस्टचं (रेट्याचं) इंजिन घ्या. दोन हातांत उचलता येतं. पूर्ण थ्रॉटलवर त्याला मिनिटाला तीन-चारशे मिलिलिटर इंधन लागतं आणि त्यातून सुमारे २०० किलोवॅट उष्णता निघते. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसचा एक बर्नर दोनेक किलोवॅटचा असतो. तसे शंभर बर्नर एका लिटरपेक्षा कमी जागेत पेटवायचे, असा हा मामला आहे. त्या जागेतून हवा तीन-चार मिलिसेकंदांत बाहेर पडते. तेवढ्या वेळात इंधनाचे थेंब फुटायचे, त्यांची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची, जळायची आणि जळून झालेला वायू थंड हवेत मिसळून टर्बाइनला सोसेल इतका निवायचा.

इंजिनाची सगळी मापं निम्मी केली की कक्षाचं आकारमान एक-अष्टमांश होतं, पण त्यातून जाणारी हवा एक-चतुर्थांश उरते. म्हणजे हवेचा आतला मुक्काम निम्म्यावर आला. रासायनिक क्रियेला लागणारा वेळ मात्र कमी होत नाही. उलट लहान इंजिनात दाब कमी असतो, त्यामुळे तो वाढतोच. शिवाय आकारमानाच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग दुप्पट होतो, म्हणजे भिंत थंड ठेवायला हवा जास्त लागते आणि भिंतीपाशी ज्योत विझण्याचा धोकाही वाढतो.

त्याहून मोठी अडचण हवेच्या तापमानाची. मोठ्या प्रवासी विमानाच्या इंजिनात कॉम्प्रेसरमधून येणारी हवा साडेपाचशे-सहाशे अंशांची असते. एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, साधारण १५० ते ३०० अंशांच्या दरम्यान उकळतं, त्यामुळे तिथे थेंबाची वाफ ती हवाच करून टाकते. आपल्या लहान इंजिनात कॉम्प्रेशन रेशो तीनच्या आसपास, म्हणून हवा जेमतेम दीडशे अंशांची. जिथे इंधन उकळायला लागतं तिथेच ती थांबते. मग थेंब बारीक असल्यावाचून गत्यंतर नाही. थेंब दुप्पट मोठा झाला की वाफ व्हायला चौपट वेळ लागतो. पन्नास मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब कसाबसा वेळेत संपतो. शंभर मायक्रॉनचा थेंब जळत-जळत टर्बाइनवर जाऊन आदळतो.

थेंब बारीक करायचे म्हणून दाबावर चालणारं नोझल लावावं, तर तिथे वर्गमुळाचा नियम आडवा येतो. नोझलमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पूर्ण थ्रॉटलला ४० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका) दाब असेल, तर एक-दशांश इंधनावर तो ०.४ बार उरतो. त्या दाबावर फवारा उडत नाही, धार लागते. मोठ्या इंजिनात एकाच नोझलमध्ये दोन मार्ग ठेवून यातून सुटका करून घेतात. लहान इंजिनात एका नोझलच्या वाट्याला इंधनच इतकं थोडं येतं की भोक ०.३ मिलिमीटरवर जातं, आणि दुसऱ्या मार्गाला जागाच राहत नाही. ०.३ च्या भोकात एका शतांश मिलिमीटरचा फरक पडला तर क्षेत्रफळ सुमारे सात टक्क्यांनी बदलतं. डझनभर नोझलपैकी एक असं, दुसरं तसं निघालं की कक्षात एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला नुसती गरम हवा.

दुसरा मार्ग स्लिंगरचा. फिरत्या शाफ्टच्या भोकांतून इंधन बाहेर फेकायचं. दाब लागत नाही, वेगच थेंब फोडतो. फ्रान्सच्या तुर्बोमेका या इंजिन कंपनीने ही पद्धत रूढ केली, आणि आपल्या चेतक-चीता हेलिकॉप्टरांच्या आर्तूस्त इंजिनांमुळे बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समधल्या, म्हणजे एचएएलमधल्या कामगारांना ती कित्येक दशकं हाताखालची आहे. पण सुरू होताना शाफ्टला वेग नसतो, म्हणून तेव्हा वेगळी सोय लागते, आणि वेगाने फिरणाऱ्या शाफ्टमध्ये इंधन गळू न देता नेणं हे छोट्या टीमला झेपणारं काम नाही.

म्हणून बहुतेक लहान इंजिनं व्हेपोरायझरकडे वळतात. इंजेक्शनच्या सुईसारख्या बारीक नळीतून इंधन एका जाड नळीत सोडायचं, ती नळी ज्योतीतच बसवलेली असते, तिच्या उष्णतेने इंधनाची वाफ होते आणि हवेबरोबर बाहेर येऊन जळते. दाब कमी चालतो, बनवायला स्वस्त. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त हेच येतं, आणि जळून परत येतं तेही हेच.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. एका टीमचं इंजिन थोडे तास चालून बंद पडलं आणि उघडायला आमच्याकडे आलं. टर्बाइनच्या आधीची स्थिर पाती एका बाजूला गवती-निळ्या रंगाची होती, म्हणजे ठीक. दुसऱ्या बाजूच्या तीन पात्यांच्या कडा खाऊन गेल्या होत्या. लायनर कापला. त्या तीन पात्यांच्या रेषेत मागे गेलो तर तिथल्या व्हेपोरायझर नळीचं तोंड वितळून वाकलेलं, आणि तिच्या समोरच्या बाजूच्या दोन सुया आतून कोळशाने अर्ध्या बुजलेल्या. रिंगला पंप इंधन देतो ते ठरलेलं. दोन सुया बुजल्या की त्यांचं इंधन उरलेल्या सुयांकडे जातं, आणि जी सुई आधीच थोडी मोकळी तिथे जास्त. इंजिनात बसवण्यापूर्वी आम्ही ही रिंग मोजली होती. प्रत्येक सुईखाली मोजपात्र ठेवून थंड इंधनावर. सगळ्या सारख्या भरल्या होत्या, नोंद वहीत आहे. बिघाड झाला तो गरम झाल्यावर. इंजिन बंद केलं की हवा थांबते, पण लायनर लालच असतो. सुईत उरलेलं इंधन तिथेच शिजतं आणि त्याचा कोळसा होतो. दर वेळी बंद करताना थोडा थोडा.

हे इंजिनावर दिसलं नाही, कारण इंजिनाला मागे तापमान मोजणारं एकच थर्मोकपल होतं आणि ते थंड बाजूला होतं. रिगवर कम्बस्टरच्या तोंडाशी गोलाकार थर्मोकपल लावली असती, तर पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच एक बाजू तापतेय हे कळलं असतं. एका लायनरवर भागलं असतं. तिथे कॉम्प्रेसर, टर्बाइन, बेअरिंग, शाफ्ट सगळंच गेलं. हप्ता थांबला. ती टीम आता नाही.

मंद गतीवरही असंच काहीसं होतं. दहा सेंटिमीटरची रिंग उभी असेल तर वरच्या आणि खालच्या सुईत इंधनाच्या वजनामुळे सुमारे आठ मिलिबारचा फरक असतो. पूर्ण थ्रॉटलवर तो नगण्य. पण आयडलला, म्हणजे सगळ्यात मंद गतीला, सुईतला दाबच काही दशक मिलिबार असतो, तेव्हा खालच्या नळ्यांना जास्त इंधन मिळतं आणि वरच्या बाजूची ज्योत विझायला टेकते. अशा गोष्टी कुठल्याही कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये आपोआप निघत नाहीत. त्या मोजाव्या लागतात.

यावरून माझ्या तक्रारी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली आणि मुख्य तक्रार रिगची. पूर्ण इंजिनावर कम्बस्टर तपासणं म्हणजे सगळ्यात महाग जागी सगळ्यात कमी माहिती मिळवणं. आत काय चाललंय ते दिसत नाही, हवा आणि इंधन वेगवेगळं बदलता येत नाही, आणि बिघडलं तर सगळंच बिघडतं. रिग फार मोठी गोष्ट आहे असा समज असेल तर तो खरा नाही. १०० न्यूटनच्या इंजिनाला सेकंदाला साधारण पाव किलो हवा लागते. पाचशे सीएफएमचा (मिनिटाला पाचशे घनफूट हवा देणारा) स्क्रू कॉम्प्रेसर ती देतो, आणि असे कॉम्प्रेसर भोसरी-चाकणला जागोजागी आहेत. हवा दीडशे अंशांपर्यंत तापवायला तीसेक किलोवॅटचा हीटर लागेल. वर थर्मोकपल, दाबमापक, ज्योत बघायला काचेची खिडकी आणि अर्थात सुरक्षेची भिंत. एका परिसरातल्या सगळ्या टीमना मिळून एक रिग पुरेल.

दुसरी तक्रार खरेदीची. नोझल आणि सुया सगळ्यात कमी दर देणाऱ्याकडून घ्या, ही अट इथे घातक ठरते. ड्रॉइंगवर भोकाचा व्यास लिहिलेला असतो, प्रवाह लिहिलेला नसतो. व्यास बरोबर असूनही कडेला धातूची बारीक बर (कोर) राहिली की फवारा तिरका जातो. नाशिकला सातपूरच्या मायको (आता बॉश) कारखान्यात दोन-तीन पिढ्यांनी डिझेल इंजेक्टरच्या नोझल बनवण्यात आयुष्य घातलं आहे. बारीक भोक, त्याची कड आणि त्यातून जाणारा प्रवाह यांचा मेळ कसा घालायचा हे तिथल्या हातांना कळतं. ती कसबी माणसं या निविदांपर्यंत पोचतच नाहीत, कारण कागदावर त्यांना विमानक्षेत्राचा अनुभव नसतो.

नोझलबद्दलच आणखी एक. थ्रीडी प्रिंटिंगचा आग्रह आता अर्जाच्या गुणांकनात येऊ लागला आहे. लायनर, केसिंग यांसाठी ते उत्तम आहे, आम्हीही करून घेतो. पण ०.३ मिलिमीटरच्या मार्गात पावडरचे कण चिकटून राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. तिथे प्रिंट केल्यावर काय साफसफाई केली आणि प्रवाह मोजला का, हे विचारायला हवं. नुसत्या पद्धतीच्या नावाला गुण देऊ नका.

तिसरी तक्रार उंचीची, आणि ही मला सगळ्यात काळजीची वाटते. पुण्यात किंवा बंगळुरूत टेस्ट बेडवर इंजिन चाललं की काम झालं असं धरलं जातं. पण ज्या ड्रोनसाठी ते मागवलंय ते लडाखमध्ये उडणार आहे. सहा हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी आणि तापमान उणे चोवीसच्या आसपास. इंधन थंडीने घट्ट, थेंब जाड, हवा विरळ, रसायनक्रिया मंद. विझलेलं इंजिन तिथे पुन्हा पेटेल का, हा प्रश्न कुठल्याच स्वीकृती-चाचणीत मला दिसला नाही. १९७२ च्या जूनमध्ये जाँ बुले यांनी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेऊन विक्रम केला. एचएएलने चीता म्हणून बनवलेलं हेच ते हेलिकॉप्टर, इंजिन आर्तूस्तच. वर पोचून पॉवर कमी करताच इंजिन विझलं आणि पुन्हा पेटलं नाही. बुले नुसत्या फिरत्या पंखांवर, इंजिनाविना खाली उतरले. नावाजलेल्या, वर्षानुवर्षं वापरातल्या कम्बस्टरची ही गोष्ट. ड्रोनमध्ये तर वैमानिकही नसतो.

चौथी तक्रार अपयशाच्या नोंदींची. सरकारी पैशातून जळालेल्या इंजिनाचा अहवाल फाइलीत बंद होतो. पुढची टीम तीच सुई, तीच रिंग, तोच कोळसा पुन्हा शोधते. वर सांगितलेला प्रकार मी एकाहून जास्त टीमच्या इंजिनांत पाहिला आहे. गोपनीय असेल ते झाकून ठेवा. पण इंधन बंद करताना सुया हवेने साफ करा, इंजिन बंद झाल्यावर स्टार्टरवर फिरवून थंड करा, एवढ्या माहितीत कसलं गुपित आहे?

आपल्या देशात हे जमत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. लक्ष्य या लक्ष्यविमानासाठी एचएएलने स्वतःचं पीटीएई-७ इंजिन बनवलं. निर्भय क्षेपणास्त्राच्या सुरुवातीच्या चाचण्या रशियन इंजिनावर झाल्या आणि आता बंगळुरूच्या जीटीआरई या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेचं माणिक इंजिन उडतं आहे. मद्रास आयआयटीत ज्वलन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र उभं आहे. ज्यांनी हे केलं त्यांच्याजवळ रिग होत्या, वेळ होता, आणि लायनर जळाला तरी दुसरा बनवायची मुभा होती. तीच मुभा छोट्यांना द्या, एवढंच.

तेव्हा मागण्या अशा.

कम्बस्टरची स्वतंत्र चाचणी प्रत्येक प्रस्तावात सक्तीची करा आणि तिचा खर्च कापू नका. पहिला टप्पा इंजिन चालवण्याचा नको, रिगवरच्या निकालांचा ठेवा. आयडलपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत ज्योत टिकते का, तोंडाशी तापमान किती सारखं आहे, किती कमी इंधनावर ती विझते. हे आकडे समाधानकारक असतील तर हप्ता द्या.

पुणे-नाशिक पट्ट्यात ३०० न्यूटनपर्यंतच्या इंजिनांसाठी एक सामाईक रिग उभारा. कुठल्याही अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात चालेल. अट एकच, बाहेरच्या टीमला ठरावीक शुल्कात आणि ठरावीक दिवसांत वेळ मिळायला हवी. नोझल आणि सुयांची खरेदी व्यासावर न करता मोजलेल्या प्रवाहावर आणि फवाऱ्याच्या सारखेपणावर करा, आणि त्यासाठी डिझेल इंजेक्शनचा अनुभव ग्राह्य धरा.

उंचीवर वापरायच्या इंजिनाला थंड इंधनावर आणि कमी दाबावर पुन्हा पेटण्याची चाचणी लावा. छोट्या टीमना ती सुविधा परवडणार नाही, तेव्हा देशात जिथे ती आहे तिथे त्यांच्यासाठी वर्षातले काही दिवस राखून ठेवा. आणि निधी घेतलेल्या प्रत्येक टीमने, इंजिन चालो वा जळो, कम्बस्टरचा एक तांत्रिक अहवाल सर्वांना वाचता येईल असा द्यावा. त्यात बिघाडाचे फोटो हवेत. असा अहवाल देणाऱ्याचा पुढचा अर्ज त्या बिघाडामुळे मागे पडणार नाही, हे लेखी द्या.

ज्या टीमची रिगची रक्कम यंदा कापली गेली तिचं इंजिन अजून जोडलेलं नाही. लायनर आणि रिंग माझ्याकडे तयार आहेत. त्या निर्णयाचा फेरविचार करायला अजून वेळ आहे. छाननी समितीतल्या कुणालाही भोसरीला येऊन हे जळालेले भाग हातात घेऊन बघायचे असतील, तर कारखाना उघडा आहे. रिगच्या उभारणीत पत्र्याचं, नळ्यांचं जे काम लागेल ते मी साहित्याच्या किमतीत करून देईन. पुढच्या अर्जांची जाहिरात निघण्यापूर्वी आपलं उत्तर यावं, ही विनंती.

आपला,
लहान इंजिनांची लायनर बनवणारा एक कारखानदार
भोसरी, पुणे